पाणी बदलल्यानंतर डिस्कस मासे काळवंडतात. चूक कोठे होत असावी?

प्रश्न:
माझ्या ३०० लिटरच्या टाकीत सहा प्रौढ डिस्कस असून तापमान २९ अंश असते. दर आठवड्याला निम्मे पाणी काढून, क्लोरिन नाहीसे करणारे द्रावण टाकून मी थेट नळाचे पाणी भरतो. त्यानंतर तास-दोन तास मासे काळवंडून कोपऱ्यात उभे राहतात आणि त्यांचे कल्ले भराभर हलतात. पुढे सारे पूर्ववत होते. अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या खाली. टाकीचा पीएच (आम्लतेचा अंक; कमी म्हणजे अधिक आम्ल) ७.४ आणि नळाचा ६.८ आहे, म्हणजे नवे पाणी डिस्कसला अधिकच मानवायला हवे. आरओ यंत्र घ्यावे काय?

उत्तर १:
नळाच्या ६.८ वर इतक्यात विश्वास ठेवू नका. तेच पाणी बादलीत घेऊन, एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तासांनी पुन्हा मोजा. नळाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड बराच विरघळलेला असेल, तर पीएच खोटा कमी दिसतो आणि वायू निघून गेल्यावर चढतो. असे पाणी एकदम निम्म्या टाकीत आले, की माशांना श्वास जड होतो, आणि दोन तासांत सारे पूर्ववत होण्याचे कारणही तेच असावे. शिवाय गार पाणी टाकीत तापू लागले, की त्यातील वायू बाहेर पडतात. भरल्यानंतर काचेवर किंवा परांवर बारीक बुडबुडे दिसतात काय?

उत्तर २:
आरओची घाई करू नये. अंडी घालून घ्यायची असतील तर मऊ पाणी हवेच. पण नुसते पाळण्यासाठी क्षारविरहित पाणी वापरले, तर पीएच स्थिर ठेवणारा कार्बोनेटचा आधार जातो, फिल्टरमधील जीवाणू उरलासुरला आधारही खर्च करतात आणि पीएच एखाद्या दिवशी कोसळतो. हे मी एकदा भोगले आहे.

आणखी एक. पुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरिन व अमोनियाचे संयुग) असेल तर ते पाणी ठेवून सहजी जात नाही, आणि द्रावणाने ते फुटले तरी अमोनिया मागे उरतो. पीएच एक अंकाने वाढला, की त्यातील विषारी हिस्सा जवळपास दहापट होतो. म्हणून अमोनियाची चाचणी पाणी भरल्यानंतर अर्ध्या तासाने करावी. आपण ती बहुधा भरण्यापूर्वी करत असाल.

प्रश्नकर्ता:
खरे आहे, मी आधीच मोजत होतो. भरल्यानंतरही अमोनिया शून्यच आला. बादलीतील पाणी मात्र दुसऱ्या दिवशी ७.५ निघाले, आणि बुडबुडे होते. मी ते ऑक्सिजनचे समजून खूश होत असे! आता पिंपात हीटर व एअर स्टोन लावून पाणी एक दिवस मुरवतो आणि आठवड्यातून दोनदा पाव टाकी बदलतो. तीन वेळा झाले, मासे काळवंडले नाहीत.

उत्तर १:
मग यंत्राचे पैसे वाचले. पाव टाकी पुरते की नाही, हे नायट्रेट सांगेल. पिल्ले आणलीत तर मात्र हे प्रमाण अपुरे पडेल, कारण त्यांना दिवसातून अनेकदा खाऊ घालावे लागते आणि बीफ हार्टचे (गुरांच्या हृदयाच्या मांसाच्या खाद्याचे) कण तळाशी फार लवकर कुजतात. ते त्याच दिवशी सायफनने काढावेत.