शब्दचर्चा : 'मिल इंजिनिअर' म्हणजे गिरणी अभियंता का?

अनुवादवही :
एका दिवाळी अंकासाठी जेम्स बिचेनो फ्रान्सिस यांच्यावरचा लेख मराठीत आणते आहे आणि पहिल्याच ओळीला अडले आहे. मूळ मजकुरात त्यांना 'मिल इंजिनिअर' म्हटलंय. मी 'गिरणी अभियंता' लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे साचे दुरुस्त करायचे का ते?" तिचे वडील कापड गिरणीत साचा खात्यात होते, तेव्हा तिचं म्हणणं सोडून देता येत नाही. शिवाय लेखात पुढे साचा, चाती, बॉबिन अशा गिरणीच्या आतल्या यंत्रसामानातलं जवळजवळ काही येतच नाही. सगळं पाणी, कालवे आणि दरवाजे.

माणूस थोडक्यात असा : जन्म १८१५, इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला. १८३३ साली अमेरिकेत. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावी नकाशे काढायच्या कामाला. १८३७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिथल्या गिरण्यांना कालव्यांतून पाणी पुरवणाऱ्या 'लॉक्स अँड कॅनॉल्स' कंपनीचे मुख्य अभियंता. निवृत्त होईपर्यंत त्याच गावात, त्याच कंपनीत पन्नास वर्षं काढली. 'फ्रान्सिस टर्बाइनचे (पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या एका चाकाचे) जनक' असंही मी पुढे लिहिलंय.

दोन शब्द हवे आहेत. एक 'मिल इंजिनिअर'साठी. दुसरा 'मिल पॉवर'साठी. लोवेलला गिरण्यांना पाणी ज्या मापानं विकत ते हे माप. 'गिरणीभर पाणी' म्हणावं असं मनात आहे.

भोंगा :
आईंचा कान अगदी बरोबर आहे. 'गिरणी' या शब्दाची अडचण नाही. आपली गिरणी पिठाची असते तशी कापडाचीही असते, आणि इंग्रजीतल्या 'मिल'चा मूळ अर्थही दळण्याचाच. बिनसतं ते पुढे 'अभियंता' जोडल्यावर. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला कापड गिरणीची सुरुवात केली, ती वाफेवर चालणारी. मुंबईत गिरणी ओढील असा धबधबा कुठून आणायचा? त्यामुळे आपल्याकडे गिरणीचा इंजिनिअर म्हणजे बॉयलर आणि इंजिन सांभाळणारा, सगळ्या खात्यांतली यंत्रं चालती ठेवणारा माणूस. लोवेलचं उलट. तिथे मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी तीस फुटांहून जास्त उतरते आणि त्या उताराच्या जिवावरच ते गाव वसलं. एकच शब्द, पण मुंबईत त्याला वाफेचा वास येतो आणि लोवेलला पाण्याचा. म्हणून 'गिरणी अभियंता' मला नको वाटतो.

पाटपाणी :
ताई, मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. फ्रान्सिस हे नाव आम्हाला पहिल्यांदा भेटलं ते पदविकेला असताना, पाणी मोजायला बांधात ठेवलेल्या आयताकृती खाचेवरून जाणाऱ्या पाण्याच्या सूत्रात. खाचेवर पाणी किती उंच चढलंय ते फुटांत मोजायचं, त्या उंचीचा दीड घात घ्यायचा, खाचेच्या रुंदीनं आणि ३.३३ नं गुणायचं, की क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी ते मिळतं. कडांना पाणी आकसतं त्याची वजावट वेगळी. तो ३.३३ लोवेलला प्रत्यक्ष पाणी मोजून काढलेला आकडा आहे. आम्ही तो पाठ केला. तो कुठून आला हे मला नोकरीची वीस वर्षं झाल्यावर कळलं.

आता 'मिल पॉवर'. 'गिरणीभर पाणी' कानाला फार गोड लागतं, पण ते चुकेल, आणि का चुकेल ते सांगितलंच पाहिजे. लोवेलच्या आधी मॅसॅच्युसेट्समधल्याच वॉल्थमला कापड गिरण्या निघाल्या. तिथल्या दुसऱ्या गिरणीत ३,५८४ चात्या, म्हणजे सूत कातायचे फिरते दांडे, होत्या. त्या चात्या आणि त्यांच्याबरोबरची यंत्रं फिरवायला जेवढा जोर लागे, तो एक मिल पॉवर धरला. पाण्याच्या भाषेत हे माप उतारागणिक वेगळं. पाणी ३० फूट पडत असेल तर २५ क्युसेक, १७ फूट पडत असेल तर ४५.५ क्युसेक आणि १३ फूटच पडत असेल तर ६०.५ क्युसेक. म्हणजे पाणी बदलतं, जोर तोच राहतो. गुणाकार करून पाहिलात तर उतार कमी तसं पाणी किंचित झुकतं माप घातल्यासारखं दिसेल, कारण कमी उतारावर चाकाचा तोटा जास्त धरलेला. तीस फुटांचा हिशेब केला तर पाण्यातला एकूण जोर ८५ अश्वशक्तीच्या आसपास येतो. तेव्हा 'पाणी' हा शब्द त्या मापात नसावा. 'गिरणीशक्ती' म्हणा. अश्वशक्ती शाळेपासून सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे समजावत बसावं लागणार नाही.

या मापातच त्यांची सगळी नोकरी आली. गिरण्यांनी अमुक इतकी गिरणीशक्ती विकत घेतलेली. कोण किती जास्त पाणी ओढतो यावरून कुरबूर. १८४५ नंतर तर 'लॉक्स अँड कॅनॉल्स' कंपनी गिरण्यांच्याच सामायिक मालकीची झाली. म्हणजे ज्यांचं पाणी मोजायचं तेच यांचे धनी. मापात कुणी बोट घालू नये इतकं माप चोख हवं. त्यासाठी त्यांनी काय केलं ते माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. दोन इंच व्यासाच्या पत्र्याच्या नळ्या, डाक लावून बंद केलेल्या, बुडाला शिशाचा तुकडा. त्या पाण्यात सोडल्या की उभ्या तरंगतात, टोक तेवढं वर. कालव्यात फळ्यांचा सरळ पाट बांधून घ्यायचा, नळी वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत किती सेकंदांत पोचते ते घड्याळावर टिपायचं, मग दुसरी नळी थोडी बाजूला, मग तिसरी, असं या काठापासून त्या काठापर्यंत. आम्ही याला तरंडा म्हणतो. पण आमचा तरंडा वरवरचा, पृष्ठभागाचा वेग सांगणारा. त्यांची नळी जवळजवळ तळापर्यंत पोचणारी, म्हणून तिला वरच्या आणि खालच्या पाण्याचा सरासरी वेग मिळायचा. लेखात ही नळी आली असेल तर 'उभा तरंडा' लिहा.

आपल्याकडे असा माणूस नव्हता असं नाही. धुळ्याकडे पांझरा नदीचं पाणी सामायिक वापरणाऱ्या फडांत शेतकरी मिळून पाटकरी नेमतात, पाणी कुणाला किती आणि केव्हा हे तो बघतो आणि त्याचं धान्य सगळे मिळून देतात. फ्रान्सिस हे लोवेलच्या गिरण्यांचे पाटकरी होते. लेखात हा शब्द घालू नका, वाचक धुळ्याला जाऊन पोचेल. मनात मात्र धरा.

धातुपाठ :
एक भर. 'अभियंता' याच माणसाला शोभतो. 'यन्ता' म्हणजे आवरून धरणारा. जुन्या संस्कृतात सारथी. 'यंत्र' आणि 'नियंता' त्याच 'यम्' धातूचे. इंग्रजी 'इंजिनिअर'च्या मुळाशी लॅटिनमधला बुद्धी, कल्पकता या अर्थाचा शब्द आहे. ज्यानं आयुष्यभर नदी लगामात धरली त्याला कल्पकतेपेक्षा लगामाचा शब्द जवळचा. पुढे 'गिरणी' लावा किंवा काढा, 'अभियंता' काढू नका.

भोंगा :
व्युत्पत्ती सुंदर आहे, मान्य. पण वाचक 'अभियंता' वाचताना सारथी आठवत नाही, त्याला सरकारी पाटी आठवते. शब्द कसा वापरला जातो यावर ठरवावं, कुठून आला यावर नाही. माझं मत : अभियंता राहू द्या, पण कशाचा ते शेजारी सांगा.

पाटपाणी :
दोघांचंही पटतं. ताई, 'जनक' मात्र बदला. आधीचं बॉयडन या अभियंत्यांचं टर्बाइन पाणी मधून बाहेर फेकायचं. बाहेरून आत पाणी घेणाऱ्या चाकाचं पेटंट सॅम्युएल हाउड यांनी १८३८ साली घेतलं होतं. फ्रान्सिस यांनी १८४९ च्या सुमाराला त्याची पाती आणि मार्गदर्शक पट्ट्या हिशेबानं आखल्या, लोवेलच्या 'बूट' नावाच्या कापड गिरण्यांसाठी तशी चाकं करून घेतली, त्यांच्या चाचण्या घेतल्या आणि आकडे छापून सगळ्यांसमोर ठेवले. आज फ्रान्सिस टर्बाइन म्हणतात ते त्यानंतर आणखी पुष्कळांच्या हातून बदलत आलेलं आहे. कोयनेच्या चौथ्या टप्प्यातली प्रत्येकी २५० मेगावॅटची चार यंत्रं याच जातीची. 'ज्यांच्या नावानं टर्बाइन ओळखलं जातं' असं लिहिलंत तर हाउड यांच्यावर अन्याय होणार नाही. आकडे उघड्यावर ठेवणं हेच त्यांचं मोठेपण आहे, त्यांना उसना मुकुट कशाला?

अनुवादवही :
काका, 'जनक' खोडला. 'गिरणीशक्ती' घेतला. सुरुवातीचं वाक्य आता असं आहे : 'जेम्स फ्रान्सिस हे लोवेलच्या कापड गिरण्यांचे पाण्याचे अभियंते.' आईला परत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हां, म्हणजे गिरणीच्या बाहेरचं काम."

शेवटची एक अडचण. कालव्याच्या तोंडाशी त्यांनी १८५० साली, पुराचं पाणी अडवायला, लाकडाचा एक अवाढव्य दरवाजा बांधून टांगून ठेवला. सुमारे २७ फूट रुंद, २५ फूट उंच. असा पूर कधी येणार नाही म्हणून लोक त्याला फ्रान्सिस यांची 'फॉली' म्हणायचे. 'मूर्खपणा' फार कडू वाटतो.

भोंगा :
'फ्रान्सिसचं खूळ'. लोक चिडूनही म्हणतात आणि थोड्या मायेनंही.

पाटपाणी :
'खूळ' एकदम बरोबर. आणि क्रियापद सांभाळा. तो दरवाजा लोखंडी पट्टीनं वर धरलेला होता. एप्रिल १८५२ च्या महापुरात रात्री ती पट्टी छिन्नीनं तोडली आणि दरवाजा आपल्या वजनानं खाली आला, खालचं गाव वाचलं. मार्च १९३६ च्या पुरात पुन्हा त्यालाच खाली सोडला, तेव्हा फ्रान्सिस जाऊन जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं झाली होती. म्हणून 'दरवाजा बंद केला' असं लिहू नका. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर आमची माणसं पाणी अडवायच्या फळ्या वरून खाली सोडल्या की 'बरगे टाकले' म्हणतात ना, तसंच 'दरवाजा टाकला' लिहा.