असंबंधित पदवीनंतर अमेरिकेत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीचे मास्टर्स : हे दार उघडे असावे का?

सांजवात (न्यू जर्सी) :

बोलणे, भाषा आणि गिळणे यांतील विकारांवर उपचार करणाऱ्या स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी या शाखेच्या मास्टर्सला अमेरिकेत बीकॉम, इंजिनिअर किंवा साहित्याच्या पदवीधरालाही प्रवेश मिळू शकतो. भारतात तसे होत नाही. तिथे बारावी विज्ञाननंतर बीएएसएलपी (बॅचलर ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी) ही इंटर्नशिपसह चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, आणि मास्टर्सचे दार त्या पदवीधारकांनाच उघडते. माझ्या मते अमेरिकेची रीत अधिक योग्य आहे. हा विषय मुद्दाम काढला, कारण नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या, हाताशी चांगली पदवी असलेल्या तिशीतल्या अनेक जणी मला याबद्दल विचारतात आणि घरून त्यांना ‘आता या वयात पुन्हा श्रीगणेशा कशाला?’ एवढेच ऐकावे लागते.

दार उघडे असले तरी आत जाण्याची वाट सोपी नाही. आधी लेव्हलिंगचे, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांसाठीचे पायाभूत विषय पूर्ण करावे लागतात : ध्वनिशास्त्र, वाचा व श्रवण यंत्रणेची शरीररचना, भाषाविकास, श्रवणशास्त्राची ओळख, बहुतेक ठिकाणी मज्जासंस्थाही. युटा स्टेटसारख्या विद्यापीठांत हे घरबसल्या ऑनलाइन करता येते. पुढे साधारण दोन वर्षांचे मास्टर्स, त्यातच ४०० तासांचा क्लिनिकल अनुभव (२५ तास निरीक्षण, ३७५ तास प्रत्यक्ष काम), मग या पेशाच्या प्रॅक्सिस या परीक्षेत १०० ते २०० च्या श्रेणीत किमान १६२ गुण, आणि शेवटी देखरेखीखाली किमान ३६ आठवडे व १,२६० तासांची क्लिनिकल फेलोशिप. एवढे झाल्यावर अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन आपले प्रमाणपत्र देते. (या संस्थेला इथे सगळे ‘आशा’ म्हणतात, आपल्याकडच्या आशा सेविकांशी तिचा काही संबंध नाही.) ही चाळणी सर्वांना सारखीच असताना बाविसाव्या वर्षी हातात कोणती पदवी होती, याला जन्मभराचे महत्त्व का असावे?

ध्वनिलहरी (मुंबई) :

मी बीएएसएलपी आणि नंतर मास्टर्स करून रुग्णालयात काम करते, आणि मला आपले म्हणणे पटत नाही. चाळणी शेवटी लावून चालत नाही, कारण मधल्या काळातही विद्यार्थ्यांच्या हाती रुग्णच असतात. लोकांना या व्यवसायात तोतरेपणा आणि उशिरा बोलणारी मुले एवढेच दिसते. माझा निम्मा दिवस मात्र अर्धांगवायूच्या रुग्णांच्या खाटेशी जातो. झटका येऊन दोन-तीन दिवस झालेले असतात, नातेवाईक चहाचा कप हातात घेऊन ‘देऊ का?’ असे विचारत असतात, आणि मी चमचाभर पाणी देऊन घशावर बोटे ठेवते. स्वरयंत्र वेळेवर वर उचलले जाते का, गिळून झाल्यावर आवाज ओलसर येतो का, हे त्या काही क्षणांत टिपावे लागते. काही रुग्णांच्या श्वासनलिकेत पाणी उतरते तरी त्यांना ठसकाच लागत नाही. अशा रुग्णाला ‘द्या चहा’ म्हटले तर न्यूमोनियाला आमंत्रण दिल्यासारखे होते.

हे भान सात-आठ ऑनलाइन विषयांनी येते, यावर माझा विश्वास नाही. आम्ही तीन वर्षे शिकून चौथे वर्ष इंटर्नशिपमध्ये काढतो, आणि त्यानंतरही पहिल्या नोकरीत हात कापतात. शिवाय आपल्याकडे अनेक ठिकाणी रुग्णालयात या विषयाची एकच व्यक्ती असते. चूक झाली तर ती दाखवून द्यायला मागे वरिष्ठ नसतो. म्हणून या पेशाचे शिक्षण व नोंदणी पाहणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेने या पेशाचा दरवाजा पदवीपाशीच राखला, तो मला अडाणीपणा वाटत नाही.

हिशेबी (टेक्सास) :

दार तात्त्विकदृष्ट्या उघडे असावे की नसावे, हा वाद आपण चालू ठेवावा. मात्र ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी आधी व्हिसा आणि पैसा पाहावा. एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येते, पण काम करण्याचा परवाना साधारणपणे जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी मालकाने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावरच मिळतो. फेलोशिप ही नोकरी आहे, त्यामुळे परवाना नसेल तर मास्टर्स होऊनही गाडी तिथेच अडते. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेऊन शिकल्यास पदवीनंतर वर्षभर काम करता येते आणि त्यात फेलोशिप बसते, पण पुढे एच-१बी देणारा मालक शोधावा लागतो, आणि शाळा सहसा त्या भानगडीत पडत नाहीत. संघीय (केंद्र सरकारचे) शैक्षणिक कर्ज मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते. त्यांच्यासाठीही १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचे संघीय कर्ज बंद असून, ‘व्यावसायिक’ गणल्या न जाणाऱ्या मास्टर्सना वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा आहे. भारतातील तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठे चार वर्षांच्या बरोबरीची धरत नाहीत, ही वेगळी डोकेदुखी.

माझा विरोध इतकाच आहे की ‘कोणीही या’ ही पाटी ज्यांना उद्देशून लावली आहे, त्यांत आपल्या बहुतेक जणी बसत नाहीत.

सांजवात :

हिशेबी यांचे व्हिसाबद्दलचे सर्व मुद्दे मान्य आहेत, परंतु ती अडचण भूगोलाच्या पदवीधराला जितकी आहे तितकीच बीएएसएलपी करून आलेलीलाही आहे. ती पूर्वपदवीची अडचण नव्हे.

ध्वनिलहरी, आपण तुलना करताना बीएएसएलपीची सांगड अमेरिकेतल्या बॅचलर्सशी घालत आहात, आणि ती बसत नाही. इथल्या संबंधित विषयाची बॅचलर्स पदवी मुख्यतः पुस्तकी असते. ४०० पैकी किमान ३२५ तास मास्टर्सच्या काळातलेच असावे लागतात, असा नियमच आहे. त्यामुळे वर्गात शेजारी बसलेली ‘संबंधित’ पदवीधर मुलगीही बहुधा निरीक्षणाचे २५ तास घेऊन आलेली असते, आणि रुग्णाच्या घशावर पहिल्यांदा बोटे ठेवताना दोघीही सारख्याच नवख्या असतात.

उलट बाहेरून आलेले काही जण जे घेऊन येतात, ते चार वर्षे याच विषयात काढलेल्यांकडे नसते. माझ्या शाळेत एका मराठी घरातल्या मुलाला उच्चारदोषासाठी पाठवले होते, कारण तो इंग्रजीतले दात-ओठ जुळवून काढायचे व्यंजन (v) आणि ओठ गोल करून काढायचे व्यंजन (w) यांत फरक करत नव्हता. आमच्या चमूतल्या भाषाविज्ञान शिकून या पेशात आलेल्या सहकारी बाईंनी त्याच्या आईला दहा-बारा मराठी शब्द त्याच्याकडून म्हणवून घ्यायला सांगितले. घरच्या भाषेत त्याचे सगळे व्यंजन वयानुरूप स्पष्ट होते. मराठीत त्या दोन ध्वनींचे काम एकच ‘व’ करतो, आणि मूल तेच इंग्रजीत नेत होते. हा भाषाभेद आहे, विकार नव्हे, असा शेरा देऊन त्यांनी ते प्रकरण बंद केले. एरवी ते मूल वर्षभर आठवड्यातून दोनदा उपचारासाठी वर्गाबाहेर बसले असते.

ध्वनिलहरी :

३२५ तासांचा नियम मला ठाऊक नव्हता, आणि त्याने माझ्या तुलनेला धक्का बसतो हे खरे आहे. मात्र आपले उदाहरण आपल्याच शीर्षकाला सोडून आहे. भाषाविज्ञान ही असंबंधित पदवी नव्हे, ती या शाखेची सख्खी बहीण आहे. मानसशास्त्र आणि विशेष शिक्षण यांचेही तेच. त्यांच्यासाठी भारतातही दार उघडावे, याला माझी हरकत नाही. किंबहुना भाषाविज्ञानात एमए केलेल्या मुलीला पुन्हा बारावी विज्ञानचा दाखला मागणे हास्यास्पद आहे. वाद बीकॉमचा होता. त्या पदवीतून रुग्णाच्या खाटेशी काय उपयोगी पडते, ते कोणी सांगावे.

दुसरे असे की, इथली नोंदणी पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करणे कायद्याने गुन्हा आहे. अमेरिकेत असे शिकून पुण्या-नागपुरात आईवडिलांजवळ परतण्याचा विचार असलेल्यांनी आपली पदवी येथे मान्य होईल का, हे निघण्याआधी परिषदेकडे लेखी विचारावे. परतल्यावर विचारणाऱ्या मी पाहिल्या आहेत.

उंबरठा (मिडवेस्ट) :

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि सध्या बाहेरच्या पदवीधरांसाठी असलेल्या तीन वर्षांच्या मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षात आहे. त्यामुळे बीकॉमच्या वतीने नाही, पण खऱ्या असंबंधितांच्या वतीने उत्तर देतो.

ध्वनीची वारंवारता, अनुनाद, स्पेक्ट्रोग्राम हे विषय मला सोपे गेले. शरीररचनेने मात्र घाम काढला, आणि जिभेचे स्नायू व त्यांच्या चेता पाठ करताना मी कितीदा अभ्यास सोडायला निघालो होतो. पदवी रुग्णाच्या खाटेशी उपयोगी पडते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘फारशी नाही’ असे आहे. उपयोगी पडतात ती नोकरीतली वर्षे. चिडलेल्या ग्राहकाला शांतपणे वाईट बातमी सांगण्याची सवय असलेला माणूस, ‘बाबा पुन्हा पूर्वीसारखे बोलतील का?’ असे विचारणाऱ्या मुलीसमोर बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यापेक्षा कमी गडबडतो. याला प्रवेशाच्या अर्जात रकाना नाही, हे मला मान्य आहे.

मात्र ध्वनिलहरी यांच्या मूळ आक्षेपाशी मी बराच सहमत आहे. सगळे लेव्हलिंग एका उन्हाळ्यात उरकून दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात उडी मारणे शक्य आहे, म्हणून ते करावे असे नाही. आमच्याकडे गिळण्याच्या विकारांचा विषय पूर्ण केल्याशिवाय रुग्णालयात पाठवतच नाहीत, आणि तिसरे वर्ष त्यासाठीच लागते. सांजवात यांनी असे तिसरे वर्ष असंबंधितांसाठी अट म्हणून मांडले असते, तर मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा असतो.

ज्यांना तरीही यायचे आहे त्यांनी पैसे भरण्याआधी तीन-चार विद्यापीठांच्या पूर्वअटी शेजारी ठेवून वाचाव्यात, कारण त्या एकसारख्या नसतात आणि फार जुने विषय काही ठिकाणी धरत नाहीत. लेव्हलिंगखेरीज आशाच्या स्वतःच्या चार अटी आहेत : जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि सामाजिक शास्त्र. हे सगळे महाविद्यालयीन पातळीवरचे हवे. माझे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र चालले, बारावीचे जीवशास्त्र चालले नाही. संख्याशास्त्राचा विषय स्वतंत्र असावा लागतो; दुसऱ्या विषयात मिसळून शिकलेले संख्याशास्त्र धरत नाहीत. बीकॉमवाल्यांकडे तो विषय गुणपत्रिकेत बहुधा आधीच असतो, तेवढा एक खर्च त्यांचा वाचेल.