झोपेत श्वास थांबतो, तपासणीबद्दल मदत हवी आहे (सोलापूर)

नमस्कार मंडळी. आम्ही अशोक चौकाजवळ राहतो. वडील 72 वर्षांचे, हृदय कमजोर. रात्री झोपेत त्यांचा श्वास हळूहळू मोठा होत जातो, मग लहान लहान होत पार थांबतो. उशाशी बसलेल्या आईच्या पोटात गोळा येतो, तेवढ्यात पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणाले, हा चेन-स्टोक्स प्रकार, हृदय थकलेल्यांत दिसतो. मधुमेहात रक्तातलं आम्ल वाढून होणारा कुसमाउल श्वास वेगळा. तो खोल असतो, पण मध्ये थांबत नाही. जागेपणी वडिलांचे श्वास मिनिटाला 18, म्हणजे मोठ्यांच्या नेहमीच्या 12 ते 20 मध्येच. आता झोपेची तपासणी सांगितली आहे. सोलापुरात कुठे होते, की पुण्यालाच न्यावं लागेल? घरी मशीन लावून करतात का? कुणी करून घेतली असेल तर कृपया खर्चासकट सांगा.