विमानाचा उशीर अर्ध्या-अर्ध्या तासाने का सांगतात?

खानापूरकर (प्रश्न)
नमस्कार. गेल्या महिन्यात आईला भावाकडे पोहोचवण्यासाठी बेळगावच्या सांबरा विमानतळावरून निघालो होतो. सुटण्याची वेळ ९.४० होती, म्हणून खानापुरातून साडेसहालाच घर सोडले. सुरक्षा तपासणी झाल्यावर फलकावर १०.१० अशी वेळ दिसली, मग १०.४०, मग ११.१५, आणि प्रत्यक्षात विमान उडाले १२.२५ ला. भावाने फोनवर पाहून सांगितले, तेव्हा कळले की आम्हाला घेऊन जाणारे विमान आधीच्या शहरातून १०.४५ ला निघाले होते आणि तिथून इथवरचा प्रवासच सव्वा तासाच्या आसपासचा आहे. म्हणजे साडेदहाला ११.१५ ही वेळ लावली, तेव्हाच ती अशक्य होती.

आई जेवणाआधी इन्सुलिन घेते. टोचून घेतले आणि लगेच बोर्डिंगची हाक आली, तर जेवण लांबते; न घेता थांबावे, तर किती वेळ, हे कोणी सांगत नव्हते. दशम्यांचा डबा मांडीवर आणि इन्सुलिनचे पेन हातात, अशी ती दीड तास बसून होती. काउंटरवर तीनदा विचारले, तीनदा ‘ऑपरेशनल रीझन’, म्हणजे कामकाजाचे कारण, हेच उत्तर मिळाले. आईला कानडी येते ती बाजारापुरती. घोषणेतली कानडी, हिंदी आणि इंग्रजी मी तिला समजावून सांगत होतो, पण समजावण्यासारखे त्यात काही नव्हतेच.

उशिराबद्दल माझी तक्रार नाही. कंपनीला ठाऊक असलेली गोष्ट प्रवाशाला सांगण्यात अडचण काय असते?

ग्राउंडवाला
मी दुसऱ्या एका शहरातल्या विमानतळावर काही वर्षे ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे विमान जमिनीवर असतानाच्या कामांत होतो, त्यामुळे काउंटरच्या आतली बाजू सांगतो. सुटण्याची सुधारित वेळ गेटवरचा माणूस ठरवत नाही. ती कंपनीच्या मध्यवर्ती नियंत्रण कक्षातून येते आणि त्याने तीच सांगायची असते. स्वतःच्या अंदाजाने ‘दोन तास लागतील’ असे बोलला आणि विमान तासाभरात आले, तर बोलणी त्यालाच बसतात. शिवाय मोठा उशीर जाहीर केला की काही लोक बाहेर पडतात. चेक-इन केलेला प्रवासी बोर्डिंगला आला नाही, तर त्याची बॅग विमानाच्या पोटातून शोधून उतरवावी लागते, आणि त्यात आणखी वेळ जातो. म्हणून लोकांना गेटजवळच धरून ठेवण्याकडे कल असतो.

मात्र सगळे उशीर एका जातीचे नसतात. इंजिनिअरने झाकण उघडल्यावर बिघाड वीस मिनिटांचा निघेल की चार तासांचा, हे त्यालाही आधी माहीत नसते. पावसाळ्यात ढग खाली उतरले किंवा दाट धुके पडले, तर दृश्यमानता कधी सुधारेल हेही तसेच. तिथे तुकड्या-तुकड्यांनी वेळ सांगणे एक वेळ समजू शकते. तुमच्या प्रसंगात मात्र विमानच यायचे होते. ते उतरल्यावर प्रवासी उतरवणे, सफाई आणि इंधन यांना लहान विमानाला सुमारे अर्धा तास लागतो. हा हिशेब नियंत्रण कक्षाला पहिल्या मिनिटापासून करता येतो. तिथे ‘ऑपरेशनल रीझन’ म्हणणे ही टाळाटाळच, असे माझे मत आहे.

निपाणीहून
नियमांविषयी थोडे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीनुसार, अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर अपेक्षित असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणे-पिणे मोफत द्यावे लागते. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे हा पर्याय द्यावा लागतो. केवळ उशिरासाठी रोख भरपाई मात्र नाही. जानेवारी २०२४ मध्ये उत्तरेत धुक्याने उड्डाणांचा गोंधळ उडाला, तेव्हा याच महासंचालनालयाने कंपन्यांना उशिराची अचूक आणि ताजी माहिती संकेतस्थळावर, संदेशाद्वारे आणि विमानतळावरील फलकांवर देण्यास, तसेच कर्मचाऱ्यांनी प्रवाशांशी नीट बोलावे याची काळजी घेण्यास सांगितले होते.

नियमातला ‘अपेक्षित’ हा शब्द पाहा. विमान निघालेलेच नाही हे कंपनीला कळले, त्या क्षणापासून उशीर अपेक्षित धरावा, मग फलकावर काहीही लिहिलेले असो, असा मी त्याचा अर्थ लावतो. तुम्हाला खायला काय आणि केव्हा दिले?

चिकोडीकर
बेळगावच्या बसस्थानकातला कंट्रोलर ‘गाडी अजून धारवाडातून सुटली नाही’ असे सरळ सांगतो, आणि माणूस निवांत चहा पिऊन येतो. त्याला उशिराचे कारण विचारावेही लागत नाही. पुढच्या वेळी गेटवर ‘विमान किती वाजता सुटणार’ असे विचारू नका, ‘आमचे विमान आत्ता कुठे आहे’ असे विचारा. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर तुम्हाला स्वतःलाही ते पाहता येईल.

खानापूरकर
सर्वांचे आभार. निपाणीहून लिहिणाऱ्यांना उत्तर : बारा वाजता एक बिस्किटाचा पुडा आणि आंब्याच्या रसाचे खोके मिळाले, म्हणजे मधुमेहाच्या रुग्णाला नेमके नको तेच. आईने पावणेबाराला मनानेच इन्सुलिन घेतले आणि डबा उघडला. कंपनीला पत्र लिहितो आहे. त्यात फलकावरच्या तिन्ही सुधारित वेळा आणि त्यांच्यासमोर त्या-त्या वेळी विमान कुठे होते, एवढेच मांडतो. तिथे दाद लागली नाही, तर सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तेच पत्र टाकेन.