मदत हवी आहे: सुजेचे आणि काचबिंदूचे थेंब एकत्र चालतात का?

निपाणीकर: बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बेळगावात झालं. काचबिंदूचे थेंब आधीपासून चालू. आता सुजेची नवी बाटली दिलीय. जुने बंद करायचे का? दुकानदारानं वेळा कन्नडात लिहिल्यात. लवकर सांगा.

टिळकवाडी: बाटल्यांवरची नावं द्या की. ऑपरेशनला किती दिवस झाले?

निपाणीकर: ९. नवी प्रेडनिसोलोन १%, दिवसातून ६ वेळा. जुनी लॅटानोप्रोस्ट आणि टिमोलॉल.

शेतकरी_खानापूर: गुलाबपाणी घाला, थंड वाटतं.

टिळकवाडी: ऑपरेशनच्या डोळ्यात? अजिबात नको.

चिकोडी_फार्मा: जुने मनानं बंद करू नका. प्रेडनिसोलोन स्टेरॉइड आहे. डोळ्यातलं पाणी निचरणारी जाळी त्यानं अडते आणि डोळ्यातला दाब चढतो, काचबिंदूवाल्यांचा जास्त. सहसा २ ते ६ आठवड्यांत, कधी आधीही. दुखत नाही, मोजल्याशिवाय कळत नाही. तेव्हा दाब कधी तपासणार, ते विचारा. स्टेरॉइडही एकदम सोडायचं नाही, सूज उलटते.

शहापूरकर: लॅटानोप्रोस्ट बंदच करावं. डोळ्याचा पडदा सुजतो.

चिकोडी_फार्मा: शक्यता आहे, म्हणून काही डॉक्टर थोडे दिवस थांबवतात. पण ते त्यांनी ठरवायचं. डिस्चार्जच्या कागदावर काय लिहिलंय?

निपाणीकर: "जुनी औषधे चालू". बरं, एकापाठोपाठ घातले तर?

चिकोडी_फार्मा: दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. मध्ये निदान ५ मिनिटं जाऊ द्या. प्रेडनिसोलोन हलवून घ्या, पांढरा गाळ तळाशी बसतो, नाहीतर नुसतं पाणी पडतं. एकच थेंब, डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा हलके २ मिनिटं दाबा, औषध घशात कमी उतरतं. बाटलीचं टोक पापणीला लावू नका.

शहापूरकर: कन्नडात बेळिग्गे म्हणजे सकाळ, संजे म्हणजे संध्याकाळ. त्यापेक्षा रेल्वेनं मिरजेला दाखवा.

टिळकवाडी: निपाणीत रेल्वे कुठाय ओ? बाबांना दमा आहे का?

निपाणीकर: आहे, पंप घेतात. त्याचा काय संबंध?

टिळकवाडी: टिमोलॉल रक्तात जाऊन श्वासनळ्या आवळतं! लिहून देणाऱ्यांना दमा सांगितलाय?

निपाणीकर: नाही. डोळ्याचाच विषय वाटला.

चिकोडी_फार्मा: पुढचा टिमोलॉलचा थेंब घालायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, बदली औषध मिळतं. धाप लागली तर फोनवर थांबू नका, थेट दवाखाना. डोळा दुखला, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तरी त्याच दिवशी दाखवा.

निपाणीकर: लावतोय फोन.