३० तुकड्यांचा सोनोबे गोळा बंदच होत नाही

ठाणे पश्चिम:
गणपतीच्या मखराला टांगायला सोनोबेचे गोळे करतेय, म्हणजे एकसारखे दुमडलेले कागदाचे तुकडे एकमेकांत अडकवून होणारे ओरिगामीचे गोळे. घोटीव कागद, ७ सेंमीचे चौरस, ३० तुकडे. वीसेक जोडले की आधीचे सुटायला लागतात. गोंद लावायचा नाहीये. कुठे चुकतंय?

नेरूळ:
आधी तुकड्यांची दिशा बघा. सगळे एका ओळीत मांडले की प्रत्येक समांतरभुज चौकोन एकाच अंगाला कललेला दिसला पाहिजे. कोपरे दुमडताना एखाद्यात उलटा कर्ण धरला गेला, तर आरशातल्यासारखा तुकडा तयार होतो. त्याची जीभ (टोकाचा त्रिकोण) शेजाऱ्याच्या खिशात (घडीतल्या फटीत) नीट बसत नाही.

मग मोजा. तीन तुकड्यांचा एक सुळका, एका बिंदूभोवती पाच सुळके. चारच घेतलेत तर गोळा लवकर मिटतो. सगळीकडे चार-चार म्हणजे १२ तुकड्यांचा छोटा चेंडू. तुमच्या गोळ्यात २० सुळके हवेत. शेवटचे तीन तुकडे बसेपर्यंत तो सैलच राहणार, तोवर छोटे चिमटे लावून ठेवा.

ऐरोली:
माझा संशय कागदावर. घोटीव कागद गुळगुळीत, जीभ घसरते, आणि घडीवर रंग तडकून पांढरी रेघ येते ती वेगळीच. ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) रंगीत झेरॉक्स कागद घ्या. एका ए४ मधून ७ सेंमीचे १२ चौरस निघतात: रुंदीत तीन बरोब्बर, लांबीत चार, वर १.७ सेंमीची पट्टी वाया. म्हणजे गोळ्याला तीन कागद, सहा चौरस शिल्लक. कात्री नको, स्टीलची पट्टी आणि कटर. प्रत्येक चौरस कर्णावर दुमडून बघा. कोपरे मिलिमीटरभर जरी चुकले तरी तो बाद, कारण ही फट पुढच्या जोडांत वाढत जाते.

आणि हा पावसाळा! दमट कागद नखाने कितीही घोटा, घडी धरत नाही. चौरस घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

ठाणे पश्चिम:
दोन तुकडे खरंच उलटे निघाले! उरलेल्या चौरसांचे करकोचे होतील का?

नेरूळ:
७ सेंमीत, त्यातही ८० जीएसएममध्ये, मान-शेपटीचे थर जाड होऊन फुगतात. करकोच्याला ६०-७० जीएसएमचा, १५ सेंमीचा चौरस घ्या. पाकळीसारखा वरचा थर उचलण्याआधी दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या त्रिकोणाच्या घड्या पुढे-मागे मोडून घ्या, नाहीतर टोक फाटतं. उरलेल्या सहा चौरसांचा सोनोबेचाच घन करा, तो बरोबर सहा तुकड्यांचाच असतो.