प्रतिसाद: सीएसआर म्हणजे नुसते फोटोच का?
सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचं काम. त्याबद्दल 'कंपन्या फोटोपुरती समाजसेवा करतात' असं मत मांडलं गेलंय, ते अर्धंच पटलं. नवी मुंबईतल्या महापेत एका कंपनीत नोकरी करतो, त्यामुळे अशा फोटोत दिसणाऱ्या कंपनीच्या टी-शर्टांपैकी चार माझ्याही कपाटात आहेत!

आधी पैशांचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. फक्त कर्मचाऱ्यांच्याच फायद्याची कामं त्यात धरत नाहीत. शिवाय आम्ही कर्मचारी शनिवारी अशा कामांत घाम गाळतो, त्या तासांची किंमत लावून ती या खर्चात दाखवता येत नाही. म्हणजे ती हौस खरंच आमची.

पण हौसेला दिशा हवी. ठाण्याजवळच्या येऊरच्या एका पाड्यावर आम्ही चाळीस जण शाळेची भिंत रंगवायला गेलो. आदल्या वर्षी दुसऱ्या कंपनीने तीच भिंत रंगवलेली! शाळेतल्या बाई हसून म्हणाल्या, "रंग पुष्कळ झाला हो, गणिताला कोणी येतं का बघा." चाळिसातले तिघं तयार झालो. पावसाळ्यात एकजण गळाला, उरलेले दोघं अजून जातो. याचा फोटो कुणी काढत नाही, काढण्यासारखं काही नसतंच.

पगारातून दरमहा दोनशे रुपये कापून सामाजिक संस्थेला देण्याची सोयही आमच्याकडे आहे. संस्थेच्या दृष्टीने हेच जास्त कामाचं, कारण प्रकल्पाला देणगी मिळते, पण ऑफिसचं भाडं आणि लाईट बिल भरायला कोणी पुढे येत नाही. मात्र नव्या करप्रणालीत देणगीवरची करसवलत (८०जी) मिळत नाही, हे फॉर्म भरण्याआधी बघा.